हरवलेल्या जनावरांची ओब्दुलिया

आमच्या घरात कुत्रे कधी टिकले नाही, आणि त्याला कारण आम्हीच. आमचा पिढीजात धंदा शोभेच्या दारूचा. आजोबा दारू कुटायचे, वडील कुटायचे, मी नाझारियो चोनाय अजून कुटतो. सान तेल्मो गावात कोणाचे लग्न असो, वाढदिवस असो, की कोणाचा मुलगा एकदाचा परीक्षेत पास झालेला असो, भल्या पहाटे अख्खी आळी ज्या आवाजाने दचकून उठते तो आवाज आमच्या हातचा असतो. लोखंडी नळ्यात बार ठासायचा, वातीला पेटती चिरूट लावायची आणि मागे सरायचे. एक दणका खाली, दुसरा वर आभाळात. असा उखळी बार आसपासच्या कुठल्याही गावात होत नाही. ही माझी बढाई नाही, आसपासच्या गावांतले लोकही हेच सांगतात, फक्त जरा तोंड वाकडे करून.

सान तेल्मो हा खरे तर खलाशांचा संत. समुद्र आमच्यापासून इतका लांब की गावातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नाही. पाणी म्हणायचे तर चौकातला धुण्याचा हौद. तरी हा संत आमच्या वाट्याला आला आहे आणि आम्ही त्याला काही कमी पडू देत नाही. त्याच्याशी बोलायची आमची रीत एकच, ती म्हणजे बार. नवस बोलायचा तर बार, फेडायचा तर बार. नुसती मेणबत्ती लावून येणारे लोकही गावात आहेत. संताचे कान फार तिखट आहेत अशी त्यांची समजूत असावी.

अशा घरात माझ्या थोरल्या भावाने, लासारोने, ओब्दुलियाला लग्न करून आणले. ती पलीकडच्या खोऱ्यातली, मेंढ्या राखणाऱ्यांच्या घरची. तिच्यामागोमाग तिचे पिवळे कुत्रेही चर्चपर्यंत चालत आले होते. नवरानवरी चर्चच्या पायऱ्या उतरू लागली तसा मी बार उडवला. थोरल्या भावाचे लग्न, तेव्हा दारू सढळ हाताने ठासली होती. धूर विरला तेव्हा कुत्रे नव्हते, आणि थोड्या वेळाने पाहतो तर नवरीही नव्हती. पंगत बसली, थाळ्यांतला कोंबडीचा रस्सा निवून त्याच्यावर साय धरली. आई दारात उभी राहून लासारोला ऐकवत होती, "सून आणलीस की गुराखीण आणलीस रे बाबा?" उन्हे कलल्यावर ओब्दुलिया आली. वेणीच्या फितीत कुसळे, नव्या विणीच्या झग्याला माती, आणि काखेत कुत्रे. कोणाकडेही न बघता ती म्हणाली, "दार लावा आधी. मग जेवू."

आमच्या घरात तिच्या तोंडून निघालेले पहिले वाक्य हेच.

पुढेही तेच चालले. ती कुत्रे आणायची, माझ्या बाराने ते पळायचे, आणि ती शोधायला निघायची. मी पळवायचो आणि ती परत आणायची, असा आमचा दीर-भावजयीचा संसार वर्षानुवर्षे चालला. लासारो बिचारा मधल्या मध्ये साखरेच्या आजाराने गेला. तोवर वहिनीला जनावरे शोधायची अशी काही हातोटी बसली होती की पलीकडच्या खोऱ्यातूनही लोक तिला बोलवायला येऊ लागले.

लोक म्हणतात तिला मंत्र येतो. काही म्हणतात ती जनावरांशी त्यांच्या भाषेत बोलते. मी तिच्यासोबत एकाच अंगणात राहतो म्हणून सांगतो, ती जनावरांशी बोलतच नाही. जे काही बोलायचे ते ती माणसांना बोलते, आणि ते ऐकून घ्यायला कातडी जाड लागते.

गाव वहिनीला तिया, म्हणजे मावशी म्हणते. पाववाल्याची बायको एकदा रडत आली. "तिया ओब्दुलिया, आमची मांजर कालपासून नाहीये हो. सगळा गाव पालथा घातला."

"गाव कशाला पालथा घातलास? मांजर गावाला गेलीय का? घराचं दार शेवटी कोणी उघडलं ते सांग."

"माझ्या सासूनं. पण घरात कुठंच नाहीये ती."

"घरात आत्ता कोण कोण आहे?"

"सगळेच. शेजारीपण आलेत शोधायला."

"मग ती कशाला बाहेर येतेय? तुमचा तमाशा संपायची वाट बघत बसली असेल ती. चल, आधी त्या सगळ्यांना हाकलू."

वहिनीने पाववाल्याचे घर रिकामे केले, सासूबाईंनासुद्धा खुर्चीसकट शेजारी पाठवले, आणि स्वतः अंगणात भट्टीकडे पाठ करून खाली बसून राहिली. बराच वेळ गेल्यावर भट्टीच्या लाकडांमागून मांजर बाहेर आली, काजळीने माखलेली, आणि वहिनीच्या पाठीला अंग घासून दुधाच्या वाटीकडे गेली. पाववाल्याची बायको सगळ्यांना सांगत सुटली की चमत्कार झाला. वहिनीला तसे म्हटलेले मुळीच आवडत नाही.

आणि एका पोपटाची गोष्ट तर मी स्वतः पाहिली आहे. कापडवाल्यांचा पोपट उडून उंच आव्होकाडोच्या झाडावर बसला. घरचे लोक खालून हाका मारत होते, शिड्या लावत होते, आणि तो एकेक फांदी वर चढत होता. वहिनीने शिडी काढायला लावली. झाडाखाली टेबल मांडायला सांगितले आणि सगळ्या घराला तिथे जेवायला बसवले. वर बघायचे नाही, भरपूर बोलायचे, मिटक्या मारत खायचे. त्यांनी खाल्ले. आपल्यावाचून पंगत उठणार हे त्या पोपटाला काही सहन होईना. वरण वाढून झाले, पिकलेल्या तळलेल्या केळ्यांची थाळी आली, तसा तो फडफडत आला आणि कापडवाल्याच्या डोक्यावर बसला. मी भिंतीवरून बघत होतो. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करायला मला लाज नाही.

घाबरलेल्या कुत्र्याला मात्र ती कधी हाक मारत नाही आणि कोणाला मारूही देत नाही. मी एकदा कारण विचारले तर म्हणाली, "तुझ्या बाराला घाबरून पळालेलं असतं ते. त्याला वाटतं, मागनं ओरडत येतोय तो बाराचाच भाऊ आहे."

"बाराचा भाऊ म्हणजे मी का?"

"मी नाव घेतलं का कोणाचं?"

जत्रेच्या आधी मी उखळ्या उन्हात काढल्या की वहिनी कमरेचा पट्टा आवळून घरोघर निघते. कुंपणाच्या भोकात हात घालून बघते, दोरीला हिसका देते, खुंटा हलवते. "हा खिळा कोणी ठोकला गं? नवऱ्यानं? मग कुत्रं गेलंच समज." जत्रेच्या दिवशी कुत्रे आतल्या खोलीत, सोबत धन्याचे न धुतलेले कपडे, रेडिओवर मारिंबाची, म्हणजे आमच्याकडच्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याची, धून लावलेली, आणि दाराला आतून कडी, हा तिचा कायदा. शिवाय तिची एक वेगळीच तऱ्हा आहे. नवे कुत्रे आणले की ती ते दोरीने धरून आळीतल्या प्रत्येक दारात न्यायला लावते आणि त्या त्या घरच्या हातून त्याला घासभर खायला घालते. आधी लोक हसले. मग एकेकाचे चुकलेले कुत्रे शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर झोपलेले सापडू लागले, तसे हसायचे थांबले. आता आमच्याकडे बारशाला जसे लोक जातात तसे नव्या पिल्लाला घास द्यायला जातात.

हे सगळे असूनही फेलिसाचे कुत्रे गेलेच.

फेलिसा सिरीन आमच्या आळीच्या टोकाला राहते आणि तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, थापून विकते. लहानपणी तापात तिचे कान गेले आणि बोलणेही राहून गेले. आईबाप आता नाहीत. भाऊ राजधानीत असतो. घरात ती आणि तिचे करड्या रंगाचे, बुटके, कोणीही दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही असे कुत्रे. पण ते कुत्रे म्हणजे फेलिसाचे कान होते. दारात गिऱ्हाईक आले, तव्यावर काही करपले, की ते तिला सांगायचे. मोठा भूकंप झाला त्या वर्षी तर त्याने तिला पहिल्या हादऱ्यालाच अंगणात ओढत आणले होते, आणि मग स्वयंपाकघराची भिंत पडली. बहीण एकटी राहते याला भाऊ कबूल होता तो या कुत्र्याच्या भरवशावर.

जत्रेच्या आदल्या दिवशी संताची लहान मूर्ती घेऊन मानकरी घरोघर जातात आणि प्रत्येक उंबऱ्यासमोर आशीर्वादाचा एक बार होतो. वहिनीने सकाळीच फेलिसाच्या घरी जाऊन कुत्रे आतल्या खोलीत नीट बांधून ठेवले होते. दुपारी फेलिसाचा भाऊ जत्रेला म्हणून राजधानीहून आला. मनाचा तो फार चांगला माणूस आहे. त्याला वाटले, मुक्या जनावराला कोंडून का ठेवायचे, संताचा आशीर्वाद त्यालाही मिळू दे. त्याने दोरी सोडली आणि कुत्र्याला दारात मूर्तीपुढे आणून बसवले.

मी बार उडवला. रस्त्याच्या वळणावर लोंबत जाणारी दोरी तेवढी सगळ्यांना दिसली.

संध्याकाळी वहिनी फेलिसाकडे गेली तेव्हा मीही गेलो. फेलिसा दाराशी जमिनीवर बसली होती आणि तिने हाताचा तळवा दाराच्या फळीवर टेकवून ठेवला होता. कोणी ठोठावले तर हाताला कळावे म्हणून. तो हात ती एकदाही काढत नव्हती. भाऊ कोपऱ्यात उभा होता.

"जत्रा झाली की मी हिला घेऊन जातो," तो म्हणाला. "कुत्र्यावाचून हिला इथं एकटी ठेवायची माझी छाती नाही. घराला कुलूप लावायचं."

"ती येते म्हणाली का?" वहिनीने विचारले.

"विचारलं मी खुणा करून. चुलीकडं बोट दाखवते आणि रडते."

"तिथं काय करेल ती?"

"चौथ्या मजल्यावर राहतो आम्ही, तिया. काय करणार? बसेल."

वहिनी फेलिसापुढे उकिडवी बसली आणि खुणेने विचारू लागली, कुत्र्याला बोलावतेस कसे? कारण त्या कुत्र्याला नाव नव्हते, नाव घेणार कोण? फेलिसाने दारावरचा हात काढला, दोन्ही तळवे उचलले आणि हवेत रिकामीच तोर्तिया थापून दाखवली. तव्यावरची पहिली तोर्तिया कुत्र्याची असायची. हात वाजू लागले की ते असेल तिथून यायचे. वहिनीने बराच वेळ त्या हातांकडे पाहिले आणि जाताना फेलिसाचा पिठाचा हात पुसायचा फडका मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन जत्रेच्या सकाळी, कुत्रे धुण्याच्या हौदामागे दगडांच्या फटीत दिसले. वहिनी तो फडका मांडीवर घेऊन त्याच्याकडे पाठ करून खाली बसली. सूर्य चांगला वर येईतो बसली. कुत्रे पोटावर सरकत सरकत इतके जवळ आले की त्याचे नाक तिच्या कोपराला लागले. आता हळूच दोरीवर हात टाकायचा, एवढेच काय ते राहिले होते.

ते बघितले धुणे घेऊन आलेल्या एका बाईने. तिला आनंद मावेना. ती तशीच चर्चकडे पळत आली आणि म्हणाली, "मिळालं, फेलिसाचं कुत्रं मिळालं."

आता आमच्या गावात असे काही झाले की काय करतात हे मी सांगितलेच आहे. आमचे सगळ्यांत वडीलधारे मानकरी, ताता कास्तुलो, यांनी टोपी काढली, संताकडे पाहिले आणि मला म्हणाले, "नाझारियो, आभाराचा होऊ दे. मोठा."

मी मोठा लावला. बार फार सुरेख झाला, आवाज तिन्ही डोंगरांवर आपटून परत आला.

थोड्या वेळाने वहिनी चर्चच्या पायऱ्या चढून आली. झग्याला धूळ, हातात तो फडका. मला वाटले आता माझी धडगत नाही. पण ती ओरडली नाही. अगदी हळू आवाजात म्हणाली, "घळीत उतरलं ते." तिचा तो आवाज ऐकून मी हातातली चिरूट विझवली.

घळ म्हणजे गावाच्या पाठीमागची खोल दरी. खाली पाइनचे रान आणि काट्यांची जाळी. तिथे माणूस उतरत नाही, उतरला तर कुत्रे आणखी खाली जाणार, आणि त्याच्या गळ्यात दोरी. दोरी कुठे अडकली तर संपलेच.

"ताता," वहिनी कास्तुलोंना म्हणाली, "आज बार नकोत."

आवारात सगळी मिरवणूक तयार उभी होती. फुलांनी सजवलेला संत, वाजंत्री, बाहेरगावचे पाहुणे. ताता कास्तुलोंना आधी वाटले त्यांनी नीट ऐकले नाही.

"आज? ओब्दुलिया, आज जत्रा आहे पोरी. बाराशिवाय सान तेल्मो घराबाहेर पडलेला नाही कधी. काय म्हणेल तो?"

"त्याला वादळातली माणसं काठाला लावायची सवय आहे. एक कुत्रं लावेल काठाला. पण आपण वादळ थांबवायला नको का?"

वहिनी पुढे म्हणाली, "घंटाही नको. मारिंबा नको. आणि सगळ्या घरांतल्या तोर्तिया थांबवा."

इथे मात्र बायकांत गलका झाला. बार ही पुरुषांची हौस, त्याचे त्यांना एवढे नव्हते. पण दुपारची वेळ, घरोघर पाहुणे, चुली पेटलेल्या, पीठ मळून तयार, आणि जत्रेच्या दिवशी पाहुण्याला गरम तोर्तिया नाही म्हणजे गावाचे नाक कापले जाणार.

"कुत्र्याचा आणि आमच्या तोर्तियांचा काय संबंध गं ओब्दुलिया?" कोणीतरी विचारले.

"तुम्हाला माहीत नाही, पण दुपारी या गावातल्या सगळ्या बायकांच्या हातांचा आवाज त्या घळीत उतरतो. शंभर घरांचे हात वाजतात. त्यात त्याला तिचे हात कसे कळणार? तिला हाक मारता येत नाही. तिच्याकडं तेवढे हातच आहेत."

मग ताता कास्तुलोंची बायको माग्दालेना, जिच्या घरी सगळ्यांत जास्त पाहुणे होते, ती शालीने घाम पुसत म्हणाली, "मी चुलीवर झाकण घालते. पाहुणे खातील सकाळच्या गार. राग आला तर पुढच्या वर्षी येऊ नयेत, माझंही काम वाचेल." एवढे म्हणून ती घराकडे चालू लागली आणि एकेक बाई तिच्यामागे गेली.

फेलिसाची चूल वहिनीने आणि भावाने मिळून घळीच्या काठावर नेली. मातीचा तवा, पिठाचे भांडे, बसायची चटई. वहिनीने तिला खुणेने सांगितले, कर. तिने घळीकडे पाहिले, वहिनीकडे पाहिले आणि तवा पुसायला घेतला. वहिनी तिच्यापासून थोड्या अंतरावर, घळीकडे पाठ करून बसली. आम्ही सगळे मागे चढावर उभे राहिलो. खांदेकऱ्यांनी संताला तिथवर आणले होते आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून तसेच खांद्यावर धरून ते उभे होते.

मी जन्मभर या गावात आवाज केला. गाव गप्प असते तेव्हा कसे असते हे मला माहीतच नव्हते. माझ्या कानांत कायम एक शिट्टी वाजते, ती या धंद्याची देणगी. ती शिट्टी सोडली तर काही नाही. मग हळूहळू ऐकू येऊ लागले. संताच्या फुलांवरच्या मधमाश्या. खांद्यावरच्या लाकडाची करकर. खाली खोल कुठेतरी पाइनमधून जाणारा वारा. एवढी माणसे उभी होती आणि मला माझ्या शेजारच्याचा श्वास ऐकू येत होता. चर्चमध्ये मी पुष्कळदा गुडघे टेकले आहेत. पण टोपी काढून हातात धरावी असे मला मनापासून वाटले ते त्या चढावर.

आणि मग फेलिसाचे हात वाजू लागले.

तिच्या हातच्या तोर्तिया मी वर्षानुवर्षे खातो. तिचे हात कसे वाजतात हे मी कधी ऐकले नव्हते. दोन झटपट, एक जरा दमाने, मग तळव्यावर फिरवताना मुका खंड, आणि पुन्हा दोन. माझ्या आईचे हात असे वाजत नसत, वहिनीचे वाजत नाहीत. हे माझ्या तेव्हा ध्यानात आले आणि मी चकित झालो. बायकांकडे पाहिले तर त्या माना हलवत होत्या, त्यांना ते आधीपासून माहीत होते. तो आवाज काठावरून घळीत उतरत होता, समोरच्या कड्याला लागून परत येत होता. गाव तिच्यासाठी थांबले आहे हे फेलिसाला ठाऊक नव्हते. तिला कसे कळणार? ती आपली मान खाली घालून रोजच्यासारखे काम करत होती. फक्त पहिली तोर्तिया तिने तव्यावरून उतरवून शेजारी पानावर ठेवली आणि तिला कोणी हात लावू नये म्हणून एकदा मागे वळून आमच्याकडे रोखून पाहिले.

बराच वेळ काही झाले नाही. तोर्तियांची चळत वाढत गेली. माथ्यावरचे ऊन भाजू लागले. खांदेकऱ्यांचे पाय थरथरत होते, पण कोणी खांदा बदलला नाही. एका बाईच्या कडेवरचे मूल कुरकुरू लागले, तिने त्याला पटकन छातीशी घेतले. फेलिसाच्या भावाने डोळे मिटून घेतले होते आणि त्याचे ओठ हलत होते. मला वाटले, झाले. दोरी कुठेतरी अडकली. मी वहिनीकडे पाहिले. ती मातीत काडीने रेघा ओढत होती. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हते, पण काडी मध्येच थांबली.

तेव्हा काठाच्या जाळीतून ते कुत्रे वर आले. काट्यांनी ओरबाडलेले, दोरीचा निम्मा तुकडा लोंबतो आहे. वर येऊन ते जागच्या जागी उभे राहिले आणि त्याने आम्हा सगळ्यांकडे पाहिले. एवढ्या गर्दीत एक पाय हलला असता तर ते गेले असते. एकही हलला नाही. दारुडे होते, पोरे होती, बाहेरगावचे पाहुणे होते, ज्यांना धड काय चालले आहे तेही माहीत नव्हते, पण एकही हलला नाही. असे काही मी पुन्हा पाहीन असे मला वाटत नाही.

कुत्रे वहिनीच्या बाजूने गेले. पानावरच्या तोर्तियेकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. फेलिसाच्या मागे जाऊन उभे राहिले. तिला पत्ता नाही. तिचे हात चालूच. तिला सांगणार तरी कोण? ओरडून उपयोग नाही, आणि हात हलवायची कोणाची हिंमत नाही. कुत्र्याने तिच्या परकराचा काठ दातांत धरला आणि दोनदा ओढला. तिच्या दारात माणूस आले की ते असेच करत असणार.

फेलिसाचे हात हवेतच थांबले. पण इतक्या वर्षांची सवय अशी की तिने आधी खाली पाहिलेच नाही. कोण आले आहे ते बघायला तिने मान वर करून मागे पाहिले. मागे सगळे गाव उभे होते, आणि गावाच्या डोक्यावर संत. ती आमच्याकडे गोंधळून बघत राहिली. मग तिला कळले, आपल्याला हे सांगितले कोणी. तिने पिठाच्या हातांनीच त्या कुत्र्याला असे उचलले की दोघेही पांढरे झाले.

सगळ्यांत आधी वहिनी उठली. तिने झग्यातून नवी दोरी काढली, एक टोक कुत्र्याच्या गळ्यात आणि दुसरे फेलिसाच्या कमरेच्या पट्ट्याला बांधले, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि मग भावाकडे वळून म्हणाली, "आता रड."

तो रडलाच. पुष्कळजण रडले. मीही रडलो, आणि धुराने डोळे चुरचुरतात म्हणावे तर त्या दिवशी धूरही नव्हता. भाऊ नाक पुसत म्हणाला, "राहू दे तिला इथंच." ते फेलिसाला कोणी खुणेने सांगायच्या आतच तिने त्याच्या पुढ्यात गरम तोर्तिया वाढली होती.

ताता कास्तुलोंनी सवयीने माझ्याकडे पाहिले. संताचे आभार मानायचे राहिले होते आणि माझ्या पाठीवर दिवसभराच्या बारांची सगळी पाटी होती. मी मान हलवून नाही म्हटले. त्यांनी थोडा विचार केला, टोपी घातली आणि खांदेकऱ्यांना पुढे चालायची खूण केली. मिरवणूक तशीच निघाली. घंटा नाही, मारिंबा नाही, नुसता पावलांचा आवाज.

वळण घेऊन आम्ही आमच्या आळीत शिरलो आणि मी थबकलो. जत्रेच्या दिवशी या आळीत मी आजवर एकही कुत्रे पाहिलेले नव्हते. कोंडलेली नसतील ती खाटेखाली, कणगीमागे, कुठल्या कुठे दडून बसलेली असायची. त्या दिवशी लोक घळीकडे धावले होते आणि निम्म्या घरांच्या कड्या निघालेल्या होत्या. कुत्री उंबऱ्यांवर येऊन बसली होती. काळी, पिवळी, लंगडी, म्हातारी. पळत नव्हती, भुंकत नव्हती. शेपट्या जमिनीवर टाकून ती फुलांतला संत बघत होती, आणि संत त्यांच्यासमोरून हळूहळू चालला होता. वहिनी मिरवणुकीच्या कडेने प्रत्येक दाराशी जाऊन दबक्या आवाजात ओरडत होती, "अरे, दोऱ्या कुठायत यांच्या? कडी कोणी काढली ही?" पण ती एकालाही आत हाकलत नव्हती. मी पाठीवर बारांची पाटी घेऊन त्यांच्यामधून चाललो होतो. माझ्या गावात इतकी कुत्री आहेत हे मला त्या दिवशी कळले.